'के' म्हणजे कल्याण नव्हे

सप्रेम नमस्कार,

मी मुलुंड पूर्वेला राहते. वय ६१. फोर्टमधल्या एका ऑफिसात ३२ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. घरी मी आणि माझी लेक, दोघीच. ती २७ वर्षांची, बीकेसीत कामाला. सकाळी आठला बाहेर पडते ती रात्री साडेनऊला घरात येते, त्यामुळे आमचं दिवसभराचं बोलणं व्हॉट्सॲपवरच. मी चार ओळी लिहिते, तिकडून उत्तर येतं 'के'. फार तर 'केके'. 'रागावलीस का गं?' विचारलं तर 'एनव्हीएम'. मधूनच 'लोल', 'टीबीएच', 'आयकेआर'. मी भाच्याला अर्थ विचारत बसते.

गेल्या आठवड्यात डोळे तपासायला गेले होते. थेंब घालून दोन तास बसवून ठेवलं आणि मशीन बंद पडलंय, उद्या या म्हणाले. तसं लेकीला कळवलं. तिचं उत्तर आलं, 'एसएमएच'. भाचा म्हणाला, 'मावशी, म्हणजे मान हलवणं. वैतागून हलवतात तशी.' मी थेंब घातलेल्या डोळ्यांनी रिक्षा शोधतेय आणि ही माझ्यावर मान हलवतेय! तेव्हापासून मी कामापुरतंच बोलते. तिने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मी 'काही नाही.' एवढंच लिहिलं.

मला या सगळ्या अक्षरांचा एक तक्ता करून द्याल का? फ्रिजवर लावून ठेवीन.

– एक आई, मुलुंड

ता.क. कधीकधी ती शेवटी 'टीसी' लिहिते. आमच्या वेळी टीसी एकच होता.


ताई,

तक्ता मागितलात, तो काही देत नाही. कंटाळा म्हणून नव्हे. एसएमएचचा अर्थ भाच्याने तुम्हाला सांगितला होता, आणि बरोबर सांगितला होता. तुम्ही अबोला धरलात तो अर्थ कळल्यानंतर. तेव्हा फ्रिजवर तक्ता लागला तर रोज एक नवा अबोला निघेल, एवढंच.

आधी एसएमएच निकालात काढू. 'शेकिंग माय हेड' ही त्यातली तीन अक्षरं. मान हलवते, हे खरं. पण कोणाकडे बघून हलवते, हे त्या तीन अक्षरांत नाही. आपण शाळेत शिकलो तसं म्हणायचं तर क्रियापद आहे आणि कर्म गाळलंय, आणि ते बहुतेक वेळा आधीच्या मेसेजात सापडतं. तुमचा आधीचा मेसेज काय होता? दोन तास बसवलं, मशीन बंद, उद्या या. हेच तुम्ही जिन्यात भेटलेल्या शेजारणीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, 'कमाल आहे बाई!' ती कमाल तुमची नव्हे, त्या दवाखान्याची. लेकीचं एसएमएच म्हणजे ही 'कमाल आहे बाई'. ती तुमच्या बाजूने मान हलवत होती. तुम्ही जर लिहिलं असतं की 'चष्मा परत गाडीत विसरले', आणि त्यावर एसएमएच आलं असतं, तर मात्र मान तुमच्याकडे बघून हलली असती. तेव्हा रागवायचा हक्क होता, चष्मा तुमचा असला तरी.

हे सांगून लेकीला मोकळं सोडत नाही. तिचं चुकलंच, पण ते दुसरीकडे. तुम्ही तिला डोळ्यांची गोष्ट सांगत होतात, तिने दवाखान्याची गोष्ट वाचली. दवाखान्याच्या गोष्टीला एसएमएच हे उत्तर ठीक आहे. पण थेंब घालून दोन तास बसलेल्या आईला 'दिसतंय का? घरी कशी जातेयस?' एवढं विचारायला हवं होतं. याचा राग धरा, तो रास्त आहे. फक्त तो एसएमएचच्या डोक्यावर नको.

आता तुमच्याच गाडीतून पुढे जाऊ. ३२ वर्षं व्हीटीला (आता सीएसएमटी, पण तुम्ही अजून व्हीटीच म्हणत असणार, मीही म्हणते) इंडिकेटर वाचलेत. 'के', म्हणजे कल्याणची गाडी, दिसला म्हणून कधी डोळे मिटून चढलात? आधी बघितलंत शेवटी एस आहे की एफ, स्लो की फास्ट. एस असेल तर निवांत. एफ असेल तर खालच्या यादीत मुलुंड आहे का ते वाचलंत, नाहीतर थेट ठाणं. तोच 'एस' गाडीच्या नावाच्या जागी असला की कर्जत आणि वेळेनंतर असला की स्लो. कसाऱ्याला 'एन', का ते गाडीतलं कोणी विचारत नाही. हे कुणी तुम्हाला तक्ता लावून शिकवलं नव्हतं. अक्षर कुठे आहे, त्याच्या शेजारी कोण आहे, घड्याळात किती वाजलेत, असं सगळं मिळून तुम्ही वाचत होतात. लेकीचे मेसेज मात्र तुम्ही एकेक अक्षर सुटं काढून भाच्याकडे नेता. भाचा अक्षराचा अर्थ सांगणार. गाडी कुठली ते फलाटावर उभं असलेल्यालाच कळतं.

तर 'के'. हे ओकेचं उरलेलं शेपूट. आणि ओके ही तरी काय मोठी घराण्यातली चीज आहे? अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या एका वर्तमानपत्रात ती २३ मार्च १८३९ रोजी छापली गेली. 'ऑल करेक्ट' हे मुद्दाम अशुद्ध लिहायचं आणि त्याची आद्याक्षरं घ्यायची, अशी त्या काळच्या बातमीदारांची थट्टा. त्या थट्टेला पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली आणि तिचाही अर्धा भाग आता गळून पडला. तरुण मुलं आपसात सुटा 'के' कोरडा मानतात. मित्राने मोठा मेसेज केला आणि उत्तराला नुसता 'के' आला की काहीतरी बिनसलंय असं समजतात. 'केके' त्यापेक्षा मऊ. आपलं 'बरं बरं' असतं ना, तसं. 'ओक्के' त्याहून खेळकर. म्हणजे अक्षर वाढलं की ऊब वाढते, हा त्यांच्यातला साधारण हिशेब. 'हो' आणि 'होऽऽ' यांत आपणही फरक करतोच की.

पण हा हिशेब तुमच्या लेकीचा तुमच्याशी आहे का? ते तिच्या जुन्या मेसेजांवरून ठरेल, माझ्या सांगण्यावरून नाही. मागे सरकवत जा आणि बघा. ती तुम्हाला गेली दोन वर्षं 'के'च लिहीत असेल, तर तो तिचा रोजचा 'के' आहे. कुर्ल्याच्या फलाटावर एका खांद्याला लॅपटॉपची बॅग, एका हातात छत्री, उरलेल्या अंगठ्याने लिहिलेला. पण एरवी 'ओक्के आई' लिहिणाऱ्या मुलीने एके दिवशी नुसता 'के' लिहिला, तर त्या दिवशी विचारा. कोणाचाही सूर ओळखायचा तो त्याच्या स्वतःच्या कालच्या सुराशी ताडून. शेजाऱ्यांच्या मुलीचा 'के' इथे उपयोगाचा नाही.

तरीही तो 'के' तुम्हाला बोचतो, आणि मला वाटतं त्याला कारण आहे. तुम्ही म्हणाल, उत्तर फार तोकडं असतं म्हणून. ते नसावं. मराठी माणूस तोकड्या उत्तराला रागावत नाही. आपल्या घरांत दिवसच्या दिवस 'हं', 'बरं', 'आले', 'असू दे' यावर निघतात. 'बरं' यात अशी किती अक्षरं आहेत? पण 'हो गं आई' बघा. काम पहिल्या शब्दातच झालं. उरलेले दोन शब्द नुसत्या नात्याचे. 'गं'मध्ये तुम्ही बाई आहात, जवळच्या आहात, थोडं चिडवायची सोय आहे, हे सगळं बसलेलं असतं. 'के'ला ना 'गं' लागतो ना आदराचा 'हो' लागतो. तोच 'के' ती तिच्या साहेबाला पाठवते, जेवणाचा डबा आणणाऱ्याला पाठवते, तुम्हालाही पाठवते. आईच्या कानाला हे खटकणारच.

आपल्या जुन्या पत्रांतली आद्याक्षरं आठवा. 'ती. बाबांस सा.न.वि.वि.' मुलाला लिहिताना 'चि.' आणि 'अ.उ.आ.', म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. शेवटी 'क.लो.अ.', कळावे, लोभ असावा. 'सौ.', 'चि.सौ.कां.', 'रा.रा.' एवढी सगळी लघुरूपं, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक रूप कोण कोणाचं कोण लागतं ते सांगणारं. मजकूर मात्र सविस्तर: पाऊस कसा आहे, गाय व्यायली का, मनीऑर्डर पोचली का. नातं ठरलेलं असायचं म्हणून त्याची आद्याक्षरं करून टाकली, आणि बातमी पूर्ण लिहिली. लेकीच्या मेसेजात हेच उलटं झालंय. तिथे बातमीची आद्याक्षरं होतात आणि नात्याला अक्षरच नाही. हे तिने तुमच्यासाठी खास केलेलं नाही. तिला ही लिहायची रीत मिळालीच अशी, दुसऱ्या भाषेतून, जिथे आईला आणि साहेबाला एकच 'यू' आहे.

आणि आटोपशीर लिहायची सवय पहिल्यांदा आळसातून नाही, पैशातून लागली. तारेला शब्दामागे पैसे पडत. 'मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली' वाचून कोणी म्हणालं नाही की नमस्कार लिहिला नाही. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तोवर मोबाइलच्या एसएमएसने तिची जागा कधीच घेतली होती. पहिला एसएमएस ब्रिटनमध्ये ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला, 'मेरी ख्रिसमस' एवढाच. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात. देवनागरीत लिहिलं की फक्त ७०. कारण मेसेजची पेटी १४० बाइटची, म्हणजे ११२० बिटांची, त्यात साधं इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं आणि देवनागरीला १६ लागतात. त्यातून काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाची जागा वेगळी मोजली जाते. 'रात्री जेवायला येणार नाही, मामीकडे थांबते आहे, काळजी करू नकोस' एवढं साधं वाक्य लिहा, ६१ जागा गेल्या. 'लव्ह यू आई' लिहायला गेलात की दुसऱ्या मेसेजचे पैसे. मग पोरांनी मराठी रोमन अक्षरांत लिहायला घेतलं आणि वर त्यातले स्वरही काढून टाकले. दिवाळीच्या आणि ३१ डिसेंबरच्या दिवशी तर स्वस्त एसएमएसचे पॅक चालत नसत, प्रत्येक शुभेच्छेला पूर्ण पैसे. आता व्हॉट्सॲपवर ती पेटी राहिली नाही, हवं तेवढं लिहा. पण सवय राहिली. आपणही 'सा.न.वि.वि.' शाई महाग म्हणून थोडंच लिहीत होतो?

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मला सगळ्यात आवडली तिच्याकडे येते. लेक 'एनव्हीएम' लिहिते म्हणून तुम्हाला वाईट वाटलं. एनव्हीएम म्हणजे 'नेव्हर माइंड', म्हणजे जाऊ दे, सोड. आणि तिने दोनदा विचारल्यावर तुम्ही काय लिहिलंत? 'काही नाही.' ताई, एनव्हीएमचं याहून चांगलं मराठी भाषांतर मी केलं नसतं.

त्यातही तुमचा एनव्हीएम तिच्यापेक्षा जड आहे, कारण त्यापुढे पूर्णविराम आहे. हसू नका. आपण पूर्णविराम विसरलो की शाळेत अर्धा गुण जायचा, म्हणून आपला हात तो आपोआप देतो. पण मेसेजात वाक्य संपलं हे पाठवण्यानेच कळतं, पूर्णविरामाची गरज उरत नाही. आणि गरज नसताना कोणी एखादी गोष्ट केली की समोरचा तिच्यात अर्थ शोधतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे छोटे संवाद वाचायला दिले. एका शब्दाचं तेच उत्तर, कुठे पूर्णविरामासह, कुठे त्याशिवाय. मोबाइलच्या मेसेजात पूर्णविराम असलेलं उत्तर त्यांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तर फरक पडला नाही. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे तुम्ही संध्याकाळी 'जेवण झाकून ठेवले आहे.' असं शुद्ध, सात्त्विक वाक्य पाठवता, आणि कुर्ल्याच्या फलाटावर तुमची लेक मैत्रिणीला म्हणत असणार, 'आई चिडलीय वाटतं.' तीन टिंबांचंही तेच. 'ठीक आहे...' असं लिहिताना आपण फक्त श्वास घेतो. मुलांना वाटतं, काहीतरी पोटात ठेवलंय.

अंगठ्याचं चित्र पाठवत असाल तर तेही जपून. मुलांना तो अंगठा 'बरं, चल नीघ आता' असा वाटतो. आणि कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्याला तो चांगलाच महागात पडला. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने जवसाच्या कराराचा फोटो पाठवून 'पक्कं करा' म्हटलं, याने अंगठा पाठवला. पुढे माल गेलाच नाही. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे फोटो पोचला, एवढंच. न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं की अंगठा म्हणजे करार मान्य, आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई लावली.

हे सांगितलं ते कोर्टकचेरीसाठी नव्हे. 'के'चीही नेमकी हीच अडचण आहे. 'के' म्हणजे 'पोचलं' की 'करते'? तुम्ही लिहिता, 'स्टेशनबाहेरून कोथिंबीर आणि लिंबं लागतील.' ती लिहिते 'के', आणि रात्री रिकाम्या हाताने येते. ती खोटं बोलली नाही, तिने फक्त पोच दिली. यावर उपाय सोपा आहे, आणि तो तुमच्या हातात आहे. जिथे 'के' हे उत्तर होऊच शकत नाही असा प्रश्न लिहायचा. 'कोथिंबीर तू आणतेस की मी खाली उतरू?' याला 'के' लिहून दाखवावं म्हणा.

'लोल' थोडं गमतीचं आहे. मूळ अर्थ खो खो हसणं. पण काही वर्षं बऱ्याच लोकांनी ते 'लॉट्स ऑफ लव्ह' म्हणून वापरलं, आणि त्यात तुम्ही-आम्ही एकट्या नव्हतो. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून एका संपादिकेला मेसेजच्या शेवटी कधीकधी 'लोल' लिहायचे, खूप प्रेम या अर्थी, असं त्या बाईंनीच २०१२ मध्ये चौकशी आयोगापुढे सांगितलं. त्याचा खरा अर्थ त्यांनी सांगितल्यावर साहेबांनी ते बंद केलं. पंतप्रधानांना तक्ता मिळाला नव्हता. आता तर 'लोल'मध्ये हसूही उरलेलं नाही. लेक लिहिते, 'परत लेट झाला लोल'. गाडी उशिरा आली यात हसण्यासारखं काय आहे? काही नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅक्व्हॉर्टर यांनी २०१३ मध्ये एका भाषणात म्हटलं होतं, की 'लोल' आता हसणं सांगत नाही, समोरच्याशी जुळवून घेतल्याची खूण म्हणून येतं. मला यात आपलं 'ना', 'बाई', 'हं' दिसतं. 'परत उशीर झाला बाई.' त्यातली 'बाई' कोण? कोणीच नाही. पण ती काढली तर वाक्य तक्रारीचं होतं. तर तुमच्या लेकीचं 'लोल' हे बऱ्याचदा 'बाई' असतं. आणि खरंच हसू आलं तर आपल्या मराठी मंडळींनी इंटरनेटवर 'हहपुवा' काढलंच आहे, हसून हसून पुरे वाट. त्याहून जास्त हसू आलं तर 'हहगलो', गडाबडा लोळण. लेकीला एकदा पाठवून बघा, अर्थ तिलाच शोधत बसू दे.

बाकीची भराभर सांगते. 'टीबीएच' म्हणजे खरं सांगायचं तर. नंतर बहुधा थोडं कडू येतं, तेव्हा तयारीत राहा. 'एनजीएल' त्याचाच धाकटा भाऊ, खोटं नाही बोलणार. 'आयडीके', मला माहीत नाही. 'बीआरबी', आलेच. 'आयकेआर' फसवं आहे, 'आय नो, राइट?' असं ते दिसतं प्रश्नासारखं, पण तो प्रश्न नाही. 'हो ना!' एवढाच अर्थ. त्याला उत्तर द्यायला जाऊ नका. 'टीटीएमएम' तुम्हाला माहीत असेल, तुझं तू माझं मी, हॉटेलचं बिल वाटून घ्यायचं, आणि ते अस्सल मराठी आहे. 'आरआयपी' निधनाच्या मेसेजखाली लिहितात. मी लिहीत नाही. तिथे चार शब्द पूर्ण लिहावेत असं माझं मत, त्यावर वाद घालणार नाही.

मी शहाणपण शिकवतेय खरी, पण माझ्या पहिल्या ऑफिसच्या ईमेलमध्ये 'पीएफए' आलं तेव्हा मी अर्धा दिवस प्रॉव्हिडंट फंडाचा कुठला नवा फॉर्म आलाय ते शोधत होते. शेवटी प्यूनने सांगितलं, 'मॅडम, सोबत जोडलंय असं म्हणतात ते.' 'प्लीज फाइंड अटॅच्ड'. फाइल त्या मेलखालीच होती.

आता या अबोल्याचं काय करायचं? मेसेजवर मिटवायला जाऊ नका. मेसेजवर सुरू झालेलं भांडण मेसेजवर संपवायला बसलं की दोन्हीकडून एनव्हीएम येतात. रात्री ती जेवायला बसेल तेव्हा फोन उघडून तो मेसेज तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, 'हे कोणाला म्हणाली होतीस गं?' आवाज चढवू नका, 'गं' मात्र गाळू नका. ती आधी हसेल, मग तिला कळेल तुम्ही काय समजला होतात. तिचा चेहरा बघा, तिथे तुम्हाला मी लिहिलेल्यापेक्षा जास्त कळेल. त्यानंतर, हसणं ओसरल्यावर, दुसरी गोष्ट सांगा: 'त्या दिवशी मला नीट दिसत नव्हतं. तू फोन करायला हवा होतास.' हेही गिळू नका. यापुढे तब्येतीचं काही असेल तर लिहायचं नाही, फोन लावायचा, असं दोघींत ठरवून टाका. मीटिंगमध्ये असली तर तेवढंच लिहा, 'मोकळी झालीस की फोन कर'. त्यापुढे पूर्णविराम देऊ नका.

तिची अक्षरं तुम्ही वापरायलाच हवीत असं नाही. तुम्ही तुमच्या चार ओळी लिहीत राहा, तिला त्यांची सवय आहे. ज्या दिवशी तुम्ही नुसता 'के' लिहाल त्या दिवशी ती घाबरून फोन करेल, असा माझा अंदाज आहे. हा उपाय म्हणून मुद्दाम करू नका. पण एकदा केलात तर मला कळवा.

क.लो.अ.

ता.क. टीसी म्हणजे 'टेक केअर', काळजी घे. म्हणजे तुमच्या लेकीने काही मेसेजांत तुमची काळजी केलीय, आणि तुम्ही तिकीट शोधत होतात. डोळ्यांची तपासणी अजून राहिली असेल तर त्या दिवशी तिला सोबत न्या, थेंब घातल्यावर एकटीने रिक्षा शोधत फिरू नका.